वाघजाईचा डावा खांदा

महाड, १७ नोव्हेंबर २०२४

राही,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फेकून दिलं नाहीस असं धरून लिहिते. पत्ता तुझ्या तेजश्रीकडून मिळवला. फेसबुकवर सापडली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं ठाण्याजवळच्या दिव्याचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आईला त्रास होईल असं काही लिहू नका.’ मुलगी तुझ्यावर गेली आहे.

लिहायचं कारण एवढंच की गेल्या रविवारी आपल्या कुंभळमाचीला जाऊन आले. हे वारल्यापासून वरच्या घराला कुलूप आहे, नऊ वर्षं मी डोंगर चढले नव्हते. शाळेतून निवृत्त झाले, गुडघे निवृत्त झाले, आणि खरं सांगायचं तर पाय निघत नव्हता. या वेळी माझा राजेश पुण्याहून आला होता, त्यानं गाडीत घातलं आणि नेलं. पोलादपूरपासून वर सडकेला आता डांबर आहे. ज्या वाटेनं आपण लाकडं घेऊन उतरायचो, तिथे पुण्याच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात.

वरचा सडा, डोंगरमाथ्यावरचं ते कातळाचं पठार, तू ओळखणार नाहीस. बॉक्साइट काढून कंपनीनं जो खड्डा ठेवला, त्यात पाणी साठून तळं झालं आहे. त्याला ‘निळं तळं’ म्हणतात. कडेला मॅगी मिळते. सरपंचाचा अक्षय म्हणून एक आहे, अठ्ठावीस वर्षांचा, अंगात फुलाफुलांचा शर्ट, त्यानं तिथे तंबू ठोकलेत. पाहुण्यांना सांगतो, बघा, खाण बंद पडली आणि जंगल परत आलं. मी म्हटलं, बाबा रे, यातलं अर्धं जंगल ही सरकारनं लावलेली परदेशी बाभूळ आहे, तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. तो हसला आणि माझा फोटो काढला.

खोटं कशाला बोलू, दुसरी अर्धी बाजू मात्र खरंच परतली आहे. ऐन आहेत, किंजळ आहेत, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत न येणाऱ्या जांभळी आहेत. मातीचे ढिगारे होते त्यावर कारवी माजली आहे. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली तेव्हा पंखांचा तो मोठा आवाज ऐकून मी थांबले. ‘गाईचं पाणी’ मात्र नाही. झरा होता तिथे ओल आहे, पाणी नाही.

आणि तळ्याच्या काठावर पाटी आहे. ‘खाणीचा इतिहास.’ त्यात लिहिलं आहे की गावच्या गुरवानं कंपनीकडून पैसे खाऊन देवीचा खोटा कौल दिला, म्हणून डोंगर खोदला गेला. नाव घातलं आहे. कोंडाजी गुरव.

मी अक्षयला तिथल्या तिथे झाडला. तो शांतपणे म्हणाला, “आजी, गावात सगळे हेच सांगतात. तुम्ही होतात का तेव्हा?”

होते, म्हटलं. पुढे काही म्हटलं नाही.

पाटी मी काढायला लावीन. तेवढं तुला कळवायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही, असं लिहून खोडणार होते, पण राहू दे.

प्रियदर्शिनी


महाड, १ डिसेंबर २०२४

राही,

तेजश्रीचा फोन आला. आईनं पत्र वाचलं, घडी घालून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलं, आणि उत्तर द्यायचं नाही म्हणाली, असं सांगितलं. तिनं हे इतक्या सभ्यपणे सांगितलं की मला उलट बोलता येईना. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

पाटी निघालेली नाही. महिपतभावोजींना फोन केला. सासऱ्यांच्या मागे गावप्रमुखपण माझ्या या चुलतदिरांकडे आलं, आणि त्याबरोबर सासऱ्यांचा आवाजही आला असं त्यांना वाटतं. म्हणाले, वैनी, जुनं हाय ते, कशाला उकरता. मी म्हटलं, जुनं आहे तर पाटीवर कशाला रंगवता. तेव्हा म्हणाले, पुरावा काय तुमच्याकडं, कोंडाजीनं पैसे खाल्ले नाय याला?

पुरावा.

एकोणनव्वदच्या पावसात खाणीचा ढिगारा वाहून खालच्या वाडीच्या भातावर आला, सगळी खाचरं तांबड्या चिखलानं भरली आणि गाईचं पाणी आटलं. मग गावकी बसली. कोणाला तरी धरायला हवंच होतं. कंपनी कोणाच्या हाती लागत नव्हती, सासऱ्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. कोंडाजीकाकांना मुलगा नव्हता, भाऊबंद नव्हते, घरात एक तू आणि तुझी तान्ही पोर, तुझा नवरा मुंबईत असून नसल्यासारखा. हाताशी होते ते.

त्या सकाळी तू मागच्या दारानं आलीस. मी भाकऱ्या थापत होते. तू म्हणालीस, मामंजींना सांग, माझ्या बापानं एक पैसा घेतला नाय, तुझ्या शब्दाला घरात मान आहे, तू सांगितलंस तर थांबतील. मी तव्यावरून नजर काढली नाही. म्हटलं, यातलं मला काही कळत नाही, राही.

तू दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, “तू शिकलेली ना गो?”

दुपारपर्यंत तुमच्याकडून पूजा काढून घेतली होती. आठवड्यानं तुम्ही घर सोडलंत. मी माडीवरून पाहत होते. काकांच्या हातात फक्त समई होती.

त्यांनी पैसे घेतले नाहीत हे मला माहीत होतं. अंदाज नव्हता तो. पक्कं माहीत होतं. सासऱ्यांना घाबरून गप्प बसले असं मी पस्तीस वर्षं स्वतःला सांगत आले आहे, आणि सासऱ्यांना सगळेच घाबरायचे, त्यामुळे ते खपूनही गेलं. पण ते पूर्ण खरं नाही. आज एवढंच लिहवतं.

प्रियदर्शिनी


महाड, ९ जानेवारी २०२५

राही,

सहा वेळा सुरुवात करून फाडलं. ही सातवी. सरळ लिहिते.

मी चौऱ्याऐंशी सालापासून सुरुवात करणार, कारण ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. श्रावणातली संध्याकाळ, माझी डोली, डोलीला चार माणसं खांदा बदलत आणि बाजूला इरलं धरून तू. ओढ्याला पाणी होतं म्हणून दोन तास थांबावं लागलं. पोलादपूर दिसायच्या आत मूल झालं आणि गेलं. तू त्याला तुझ्या पदरात घेतलंस. मी पाहिलंही नाही. मुलगी होती हे मला तुझ्याकडून कळलं.

त्यानंतर दोन वर्षांनी कंपनीचे लोक आले. म्हणाले, खाण दिलीत तर वरपर्यंत ट्रकचा रस्ता करू. बाकी त्यांनी काय काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. रस्ता, एवढंच ऐकलं.

सासऱ्यांनी शिमग्याला वाघजाई देवीचा कौल लावायचं ठरवलं. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली मुलगी, मला त्या सगळ्याचा रागच होता. ओल्या दगडावर काकांनी तांदळाचे दोन दाणे चिकटवायचे, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवा आधी पडला तर देवीची संमती, डावा पडला तर नकार. आणि त्यावर साऱ्या गावानं जगायचं. याला मी तेव्हा काय म्हणत असे ते तुला आठवत असेल. तू हसायचीस आणि म्हणायचीस, तुमच्या त्या सिस्टरबाईंना पण कोणीतरी वरून सांगतच असेल की.

कौलाच्या सकाळी आम्ही घरच्या बायका ओटी भरायला गेलो. त्या दिवशी घरात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी होती, पहाटेपासून मीच फणस कापले होते. एका द्रोणात मी चीक गोळा करून ठेवला होता. ओटी भरताना माझी पाळी आली तेव्हा मी तो बोटानं देवीच्या डाव्या खांद्याला लावला. पातळ, नखाएवढा. काळ्या दगडावर दिसलासुद्धा नाही.

दुपारी काकांनी गाऱ्हाणं घालून देवीला गावाचं मागणं सांगितलं, दाणे लावले.  डावा दाणा चिकटूनच राहिला. उजवा पडला.

आता जे लिहिते ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घालायला देवळात गेले तर काका गाभाऱ्यात वाटीभर खोबरेल घेऊन देवीचा डावा खांदा चोळत होते. मी उंबऱ्यात थिजले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांना चिकाचे काळे डाग होते, मी राखेनं घासून घासून सोलून घेतली होती, तरी होते.

ते म्हणाले, “पोरी, चीक पान्यानं नाय जात. त्याला तेल लागतं.” आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

बस. पुन्हा कधी तो विषय नाही. गावकी बसली तेव्हाही नाही. एक शब्द बोलले असते तर वाचले असते. डोलीचा पुढचा दांडा त्यांच्याच खांद्यावर होता, राही, म्हणून बोलले नाहीत असं मला वाटतं. की गावप्रमुखाच्या सुनेविरुद्ध गुरवाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून? मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. ते शहाण्णव साली दिव्याला वारले हेसुद्धा मला एस.टी. स्टँडवर कोणीतरी सांगितलं.

रस्ता झाला. राजेश पोलादपूरच्या दवाखान्यात जन्मला, अर्ध्या तासात ट्रकनं नेलं मला. त्याच ट्रकनं डोंगर खाली नेला. हे दोन्ही एकाच वाक्यात लिहायचं टाळत मी म्हातारी झाले.

एकवीसच्या पावसात तळीयेला दरड कोसळली त्या आठवड्यात मी रात्रंदिवस कुंभळमाचीला फोन लावत होते. लोकांना वाटलं, केवढी माया गावाची. माया होतीच. पण भीती जास्त होती, की आमचा ढिगारा खाली आला तर ते माझ्या हातून झालेलं असेल.

प्रियदर्शिनी


महाड, २४ फेब्रुवारी २०२५

राही,

तेजश्रीचा निरोप जानेवारीतच मिळाला. ‘आईनं पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला सांगून काय उपयोग, तिथे सांग म्हणावं.’

कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली शनिवारी जाळीमागच्या फादरला पाप सांगून यायच्या आणि त्यांचे चेहरे हलके झालेले असायचे. आम्हा हिंदू मुलींना त्यांचा फार हेवा वाटे. मी तुला त्या जाळीमागे बसवलं होतं. तू उठून गेलीस, हे बरं केलंस.

काल, रविवारी, शिमग्याची गावकी देवळात होती. मी जाते म्हटल्यावर राजेशनं कशाला ते विचारलं. सगळं सांगितलं. तो गाडी चालवत होता. म्हणाला, आई, आजोबांचं नाव जाईल, मुंबईला असलेले सगळे भाऊबंद तोडतील, आणि चाळीस वर्षांनी हे कोणाला हवं आहे? मी म्हटलं, एका बाईला हवं आहे. त्यानं मला देवळापाशी उतरवलं आणि गाडीतच बसून राहिला. आत आला नाही.

मी उभं राहून सांगितलं. शाळेत परिपाठाला बोलायची सवय, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला. चीक, खांदा, तेलाची वाटी, सगळं.

मला वाटलं होतं, ओरडतील. एखादा अंगावर येईल. तसं काही झालं नाही, आणि जे झालं त्याचा मला अजून संताप आहे. लोक सुटल्यासारखे दिसले. हळूहळू एकेक बोलू लागला, की आपलं गाव भोळं, आपल्याला काय ठावं, शिकलेल्या बाईनं फसवलं. एक म्हातारी म्हणाली, मी तवाच म्हनले व्हते, ही विंग्रजी सून घरात आली नि घात झाला. अक्षय पाटीवरचं नाव बदलतो म्हणाला, लगेच, आजच. पाटीवर एक नाव जाऊन दुसरं येणार आणि गाव पहिल्यासारखंच धुतलेलं.

मी म्हटलं, माझं नाव लिही, मोठ्या अक्षरात लिही, ते खरं आहे. पण कोंडाजीला गावाबाहेर मी एकटीनं काढलं का? खाणीच्या ट्रकवर मजुरीची हजेरी लावायला कोण जात होतं? खाण नको असं त्या कौलाआधीसुद्धा किती जणांनी म्हटलं होतं? 

मग महिपतभावोजींनी घसा साफ केला. म्हणाले, झालं ते झालं, गुरवाच्या लेकीला पूजेला परत बोलवायचं का, हे आपण देवीलाच विचारू, शिमग्याला कौल लावू.

मला वाटतं माझा आवाज तिथे पहिल्यांदा चढला. “भावोजी, काढताना देवीला विचारलं नव्हतंत. बोलावताना तिच्यामागे कशाला लपता?”

 खालच्या वाडीची एक सून उठली, तिशीतली असेल, मी तिला ओळखत नाही. म्हणाली, बरोबर बोलत्यात त्या, माझ्या सासऱ्याची खाचरं गेली, तरी तो मरेपर्यंत म्हनायचा, कोंडाजी तसा नव्हता. मग कोणी हात वर करा म्हणालं. हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

तर आता हे गावाचं बोलावणं. कागदावर त्यांनी सह्या केल्या आहेत, तो सोबत आहे. माझी सही नाही त्यावर. मी देऊ केली होती. महिपतभावोजी नको म्हणाले, आणि या एका बाबतीत माझं त्यांच्याशी पटलं.

ये असं मी म्हणत नाही. मला तो हक्क नाही.

प्रियदर्शिनी


महाड, १८ मार्च २०२५

राही,

तू आलीस.

तुला मी दिसले की नाही, मला माहीत नाही. मी मागे, चपला काढतात तिथल्या खांबाला टेकून होते. आमच्या घरच्या बायका पुढे बसतात, तिथे मी गेले नाही. राजेश आलेला नाही. त्याचा फोनही नाही, पण तो माझा प्रश्न.

तू तेजश्रीचा हात धरून पायऱ्या चढलीस तेव्हा तुझे केस पाहून मला धक्का बसला. का बसावा? माझेही तसेच आहेत.

आत कुजबुज चालू होती, की बाईनं गाऱ्हाणं कसं घालायचं. तुझ्या कानावर आलीच असेल. मग कोणीतरी विचारलं, दुसऱ्या कोणाला येतं का सगळं? येत नव्हतं. पस्तीस वर्षं हे लोक देवीपुढे अर्धवट काहीतरी पुटपुटत होते, हे त्या दिवशी त्यांनाच कळलं.

तू बापाच्या शेजारी बसून बसून पाठ केलेलं मला ठाऊक होतं. पण तू ते असं घालशील असं वाटलं नव्हतं. डोंगराच्या जागा तू एकेक घेतल्यास, वरून खाली, काका घ्यायचे तशाच. उंबराचा माळ. आसरांची कोंड. गाईचं पाणी. यातल्या निम्म्या जागा आता नाहीत. तळ्याच्या पोटात आहेत, बाभळीखाली आहेत, रेतीच्या भावानं गेल्या आहेत. तू एकही गाळली नाहीस. प्रत्येक नावाला सगळं देऊळ ‘व्हय’ म्हणत होतं, आणि अक्षयसारखी पोरं एकमेकांकडे बघत होती, की हे कुठे आहे, ते कुठे आहे.

मग घरं आली. देवीनं ज्यांना सांभाळायचं ती घरं. पहिलं नाव नेहमी आमचं असतं. गावप्रमुखाचं वरचं घर, आणि मग बाकी सगळे उतरत्या क्रमानं, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले, आणि कॉन्व्हेंटचं सगळं शिक्षण बाजूला ठेवून मला ते मनातून आवडायचंही.

तू खालच्या वाडीपासून सुरुवात केलीस.

महिपतभावोजींनी मान वर केली. तू थांबली नाहीस. एकेक घर वर चढत आलं. मी मोजत नव्हते, पण कळत होतं. मधल्या आळीपर्यंत आलीस. पाण्याच्या टाकीजवळची नवी घरंसुद्धा घेतलीस, जी तू कधी पाहिलीही नव्हतीस, तेजश्री कानात सांगत होती. मग महिपतभावोजींचं घेतलंस. मग थांबलीस. तेलाची वात कोणीतरी पुढे सारली. मला वाटलं, झालं. आणि मला ते पटलं, खरंच सांगते. मी खांब सोडून चपला शोधायला वाकले होते.

तेव्हा तू म्हणालीस, “आन वरचं कुलूप लावलेलं घर. तिथं जी कोन हाय ती.”

आणि सगळे म्हणाले, व्हय.

मीसुद्धा म्हटलं. आपल्याच नावाला आपण म्हणायचं नसतं, हे मला नंतर आठवलं.

प्रियदर्शिनी